बर्ट पॅटनॉडच्या गावी : फॉल रिव्हर

बॉस्टनला आतेभावाकडे उतरलो होतो, हार्वर्ड, बंदर, बोटीची फेरी सगळं झालं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बघायचं होतं त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर, फुटबॉलपटू बर्ट पॅटनॉडचं गाव. साउथ स्टेशनवरून 2025 पासून थेट लोकल आहे, दीड तासाच्या वर लागतो पण डबा रिकामा, पाय पसरून बसा.

गाव म्हणजे ग्रॅनाइटच्या कापड गिरण्या, एकामागून एक, बऱ्याचशा आता बंद. परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला ही उंच खिडक्यांची भिंत ओळखीची वाटते, मी तर एका गेटसमोर किती वेळ उभा होतो. पण टुरिस्ट येतात ते 1892 मध्ये बोर्डन नवरा-बायकोचा कुऱ्हाडीने खून झाला ते घर बघायला, नाहीतर बंदरातली युद्धनौका. कुऱ्हाडीच्या खुनाला एवढी गर्दी आणि फुटबॉल वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक मारणारा पोरगा याच गावचा, तर मी ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. मला खरंच राग आला.

बर्ट पॅटनॉड, जन्म 1909, इथलाच. 17 जुलै 1930, पहिलाच वर्ल्डकप, उरुग्वेतलं माँटेव्हिडिओ, अमेरिका विरुद्ध पॅराग्वे 3-0, तिन्ही गोल याचे, वय फक्त वीस! पण दुसरा गोल कुणी त्याच्याच टीममधल्या टॉम फ्लोरीच्या नावावर लिहिला, कुणी पॅराग्वेचा स्वगोल धरला, त्यामुळे दोनच दिवसांनी मेक्सिकोविरुद्ध तीन गोल करणारा अर्जेंटिनाचा स्ताबिले कित्येक वर्षं पहिला म्हणून मिरवला. फिफाने पॅटनॉडची हॅटट्रिक मान्य केली 2006 मध्ये, आणि तो गेला 1974 ला, 4 नोव्हेंबरला, म्हणजे स्वतःच्या पासष्टाव्या वाढदिवसालाच. एवढा उशीर कशासाठी?

मला सगळ्यात भिडलं ते गावाच्या दक्षिणेचं टोक. त्याचा क्लब फॉल रिव्हर मार्क्समेन, मालक सॅम मार्क. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा रविवारी मॅच खेळवायला कायद्याने बंदी, आणि गिरणीतल्या लोकांना सुट्टी कधी, तर रविवारी. मग मार्कने काय केलं, राज्याची हद्द ओलांडून ऱ्होड आयलंडमध्ये नॉर्थ टिव्हर्टनला स्टेडियम बांधलं, हद्दीला अगदी लागून! मी चालत गेलो, ऊन कडक होतं, सावली नाही, आणि हद्द म्हणजे साधा रस्ता, या बाजूला घरं, त्या बाजूला घरं. स्टेडियम केव्हाच गेलंय. पण रविवारी दुपारी फ्रेंच कॅनडियन, पोर्तुगीज, इंग्लिश, स्कॉटिश गिरणी कामगार हाच रस्ता ओलांडून मॅचला जायचे, हे तिथे उभं राहून कळतं, पुस्तकात वाचून नाही. मी उगाच दोनतीनदा या राज्यातून त्या राज्यात गेलो आलो. एका घरातल्या आजोबांनी हटकलं, मी सांगितलं कशाला आलोय, तर त्यांनी आत जाऊन थंड पाण्याची बाटली आणून दिली आणि पाऊण तास बेनफिका या पोर्तुगालच्या फुटबॉल क्लबवर बोलत बसले, अमेरिकेत एवढी आपुलकी मला हॉटेलात पैसे मोजूनही मिळाली नव्हती.

जेवण पोर्तुगीज, शुरीसू सॉसेज आणि केल या पालेभाजीचं सूप, तिखट खाणाऱ्यांना आवडेल.

पुढे न्यूयॉर्कला चार दिवस होतो, त्यातली एक सकाळ तिथल्या हार्लेम भागात काढली. मंदीत मार्क्समेन क्लब न्यूयॉर्कला हलला, नाव झालं न्यूयॉर्क यांकीज, आणि 1931 च्या नॅशनल चॅलेंज कप या अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये इथल्याच पोलो ग्राउंड्स या बेसबॉलच्या स्टेडियमवर शिकागोच्या टीमला 6-2 हरवलं, त्यात पाच गोल पॅटनॉडचे. फायनलमध्ये पाच! ते ग्राउंड 1964 ला पाडलं, आता तिथे उंच रहिवासी टॉवर आहेत. बेसबॉलची होम प्लेट, म्हणजे बॅट्समन उभा राहतो ती जागा, कुठे होती त्याची पाटी लावलीय. त्या पाच गोलांची पाटी मी टॉवरभोवती फिरून शोधली, मला दिसली नाही, कुणाला दिसली तर फोटो नक्की पाठवा.