आण्णांची तार

नवं यंत्र आलं की संस्था काय शिकते आणि काय विसरते, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यासाठी कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्यात दोन गळीत हंगाम काढले. पहिला पूर्ण पॅनहाऊसमध्ये, म्हणजे सिरप (घट्ट केलेला रस) उकळून साखरेचा दाणा धरतात तिथं, आण्णांच्या शेजारी उभं राहून.

आण्णा निवृत्तीनंतरही हंगामापुरते येणारे पॅनमन. निर्वात पॅनमध्ये ६५-७० अंशांवर सिरप उकळत असतं. आण्णा प्रूफ स्टिकनं नमुना काढत, काचपट्टीवर पसरून दिव्यासमोर धरत, मग अंगठा आणि बोटात तार ओढत. दाण्यांमध्ये धुळीसारखा बारीक 'फॉल्स ग्रेन', म्हणजे नको असलेला नवा दाणा, दिसला की पाणी देऊन तो विरघळवायचा; नाहीतर पुढे सेंट्रिफ्युगलवर, म्हणजे गरगर फिरून साखर वेगळी करणाऱ्या यंत्रावर, मळी सुटत नाही. किती ब्रिक्सला (सिरपच्या घट्टपणाचं माप) बियाणं (दाणा धरायला टाकलेली बारीक साखर), पाणी कधी, सगळं मी तक्त्यात मांडलं आणि ठरल्याप्रमाणे अहवालाची प्रत कारखान्याला दिली.

दुसऱ्या हंगामात पॅनवर स्वयंचलित नियंत्रण आलं. त्यातले आकडे माझ्या तक्त्यातले होते. आण्णांना बोलावलं नव्हतं. त्यांनी सही केलेल्या संमतीपत्रात नाव गुप्त ठेवण्याचं कलम होतं. काम जाणार नाही, असं कुठलंच कलम मी घातलं नव्हतं.

जानेवारीत अवकाळी पाऊस झाला. तोडलेला ऊस फडातच अडकला, तीन-चार दिवसांनी गव्हाणीत पडला. शिळ्या उसात डेक्स्ट्रान हे जिवाणूंनी तयार केलेलं द्रव्य वाढतं, रस चिकट होतो, दाणा लांबट येतो आणि सावकाश वाढतो. स्क्रीनवर ब्रिक्स बरोबर, पॅनमध्ये फॉल्स ग्रेन. पोरगा ऑपरेटर हुशार होता, पण त्याला प्रूफ स्टिक हातात धरायला कुणी शिकवलंच नव्हतं. याचा मला राग आहे.

रात्री अकराला गाडी पाठवून आण्णांना आणलं. त्यांनी तार ओढली. "रस दमलाय. पाणी पाजा त्याला. आन् सिरप दमानं घ्या." पहाटे पॅन सोडला.

"आण्णा, शिळ्या उसाचं मला सांगितलं नव्हतंत."

"गेल्या साली शिळा ऊस आलाच कुठं, ताई? आला असता तर दावलं नसतं व्हय?"

झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणारे एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगत शिकतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी दाखवलं. मी ते वर्षानुवर्षं वर्गात शिकवते. तरी आण्णांना मी गोष्टी विचारल्या नाहीत, आकडे विचारले.

सकाळी साहेबांनी तक्त्यात 'शिळा ऊस' असा रकाना वाढवायला सांगितलं. मी म्हटलं, आण्णांना परत घ्या, हाताखाली दोन पोरं द्या. उत्तर आलेलं नाही. त्या रात्रीची पानं माझ्या वहीत आहेत. ती अजून मी कुणाला दिलेली नाहीत.