तुम्ही विचारलंत म्हणून: लॉरा विल्किन्सनच का?

मी पोरींना उंचावरून पाण्यात उड्या मारायला, म्हणजे डायव्हिंग, शिकवते. तलावावर पालक विचारतात, मुली विचारतात, आता नातेवाईकही विचारायला लागलेत. "ताई, चीनच्या क्वान होंगचाननं टोकियो ऑलिंपिकमध्ये १४ व्या वर्षी सोनं जिंकलं, पॅरिसचं सोनंही तिचंच. मग तुम्ही पोरींना अजून २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकलेल्या अमेरिकेच्या लॉरा विल्किन्सनबद्दलच का सांगता?"

क्वान सरस आहे, त्यावर माझा वादच नाही. पण तिची उडी बघून आमच्या पोरी गप्प बसतात आणि लॉराचं ऐकलं की हजार प्रश्न विचारतात. "चिनी मुली चुकल्या म्हणून ती जिंकली" हेही मला ऐकवून झालंय. सांग शुए चुकली, मान्य. पण दुसरी चिनी मुलगी ली ना ५४२.०१ वर होती आणि लॉरा ५४३.७५ वर. हे गुण कुणी दान दिले नव्हते.

सिडनीच्या आधी, मार्चमध्ये, जमिनीवरच्या सरावात तिच्या उजव्या पायाची तीन हाडं मोडली. शस्त्रक्रिया केली असती तर ऑलिंपिक हुकलं असतं, म्हणून हाड जसं जुळेल तसं जुळू दिलं. पायाला प्लास्टर असताना ती उडीच्या टॉवरवर चढायची, काठाशी उभी राहून हातांनी, मनानं अख्खी उडी करायची आणि तशीच खाली उतरायची. सिडनीतही शिडी चढताना पायात कयाकिंगचा बूट असायचा. फायनलच्या सुरुवातीला ती मागे होती. चौथी उडी इनवर्ड अडीच समरसॉल्ट, म्हणजे काठाच्या दिशेनं अडीच कोलांट्या. पाण्याकडे पाठ, टाचा काठाबाहेर, अंगाचा सगळा भार चवड्यांवर, आणि त्यातला एक चवडा वेडावाकडा जुळलेला. ती उडी साधली. १९६४ नंतर ऑलिंपिकमध्ये दहा मीटर प्लॅटफॉर्मवर सोनं मिळवणारी ती पहिली अमेरिकन बाई.

मी स्वतः उड्या मारायचे तेव्हा एवढ्यावरच थांबायचे. जिद्द म्हणजे हीच, विषय संपला.

मग एका स्पर्धेच्या सकाळी माझी एक मुलगी सुजलेला घोटा घेऊन आली. पट्टी घट्ट बांधलेली, आणि ओठही तसेच. मी म्हटलं, आज नाही. तिचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुमची लॉरा तर मोडक्या पायानं उतरली होती ना?" मला काही सुचेना. पोरगी माझ्याकडे बघत होती आणि त्यांचा शब्द तिला पटला होता, हे मला दिसत होतं. मी नाव मागे घेतलं. पुढच्या हंगामात ती आली नाही.

लॉरा २२ वर्षांची होती, निर्णय तिचा होता, पाठीशी डॉक्टर होते. हे सगळं मी नंतर घरी बसून स्वतःला सांगितलं. खरंही आहे ते. पण पुढे मणक्याची शस्त्रक्रिया होऊनही २०२१ च्या अमेरिकन निवड चाचणीत, ४३ व्या वर्षी, लॉरा पुन्हा दहा मीटरवर उभी राहिली, तेव्हा माझ्या तोंडून "शाब्बास" निघालंच. मग त्या सकाळी मी कुणाच्या बाजूनं होते?

दहा मीटरवरून पाण्याशी गाठ पडते तेव्हा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. ते पाणी दुखऱ्या घोट्याला सांभाळून घेत नाही. पुन्हा तशी वेळ आली तरी मी नाव मागेच घेईन, आणि लॉराबद्दल सांगणंही थांबवणार नाही. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते त्या वडिलांना मी अजून सांगू शकलेले नाही.