एक्स-रे साफ निघाला

मी एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाची फिजिओ. हंगाम संपत आला की माझं टेबल रिकामं म्हणून राहत नाही. आमच्या लीगमध्ये अमेरिकेतल्या एनबीएसारखे ८२ सामने नसतात, तरी प्रवास, सराव, सामना या रहाटगाडग्यात कुणाचा गुडघा तर कुणाची पाठ कुरकुरत असतेच. त्या दिवशी मात्र पडला तो संघातला सगळ्यात ठणठणीत माणूस, आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणारा. आणि प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचं गणित नेमकं त्याच सामन्यावर अडलेलं.

दुसरा क्वार्टर संपत आला होता. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परतलेला चेंडू पकडायला तो उडाला आणि उतरला तो प्रतिस्पर्ध्याच्या बुटावर. पाऊल आत वळलं. या खेळात घोटे बहुतेक असेच मुरगळतात. मी पोहोचेपर्यंत तो उठून बसलाही होता. "काही नाही मॅडम, टेप मारा फक्त." फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमाप्रमाणे कोर्टवर उपचार घेतले की खेळाडू बदलावा लागतो. बाहेर घेतलं.

हाफटाइमची १५ मिनिटं हातात. बूट काढला तर बाहेरच्या घोट्यापुढे लिंबाएवढी सूज. अशा वेळी मी ओटावा नियम वापरते, १९९२ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडलेले. बाहेरच्या आणि आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालून ६ सेंटीमीटरपर्यंत दाबून बघायची, मग पावलाच्या मधल्या भागातली दोन ठिकाणं, आणि शेवटी चार पावलं चालायला लावायचं. यातल्या एका जरी जागी हाड दुखलं, तरी एक्स-रे.

चार पावलं तो लंगडत का होईना, चालला. दाबल्यावर "नाही दुखत" म्हणाला. पण मी बघत होते त्याच्या हातांकडे. करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाच्या बुडाशी, त्या दोन ठिकाणांपैकी एकावर, माझा अंगठा गेला आणि त्याची बोटं टेबलाच्या कडेत रुतली. खेळाडू दुखणं लपवतात, त्याचा राग धरण्यात अर्थ नसतो. पुढच्या वर्षीचा करार त्यांच्या डोक्यात असतो.

"या पायावर एक उडी मार."

मारली. खाली येताच दुसरा पाय टेकला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

दारात कोच उभे. "मॅडम, किती मिनिटं मिळतील त्याची?"

"एकही नाही, सर."

ते काही बोलले नाहीत, हातातल्या मार्करचं टोपण तेवढं खाडकन लावलं. सामना आम्ही थोडक्यात हरलो.

रात्री एक्स-रे काढला. साफ.

"म्हणजे खेळू शकला असता," कोच म्हणाले. हे होणार हे मला माहीत होतं. हे नियम फ्रॅक्चर निसटू नये म्हणून बांधलेत, त्यामुळे बरेच एक्स-रे साफच येतात. शिवाय एक्स-रेमध्ये लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा दिसत नाही. हाड शाबूत असलं तरी ज्याला एका पायावर उतरता येत नाही, तो बचावात आडवा सरकणार कसा? असा घोटा दुसऱ्यांदा मुरगळला की हंगामच जातो. हे सगळं मी सांगितलं. पटलं असं तोंडावर काही दिसलं नाही.

पुढे सूज उतरवणं, मग डगमगत्या फळीवर तोल, मग सरकण्याचा सराव, सगळ्यात शेवटी धक्काबुक्कीसह खेळ. पोराने काही दिवस माझ्याशी अबोला धरला होता, पण व्यायाम एकही चुकवला नाही. कोचनी त्या रात्रीचा विषय पुन्हा काढला नाही. हल्ली कुणी लंगडत बाहेर आला की मी पोहोचायच्या आत तेच ओरडतात, "आधी उडी मारून दाखव!"