लिमिट पोकर: एक्क्यांची जोडी लपवायची का?

तीन पत्ती खेळून पोकरकडे आलेला माणूस एक सवय हमखास सोबत आणतो. जोरदार पान आलं की चेहरा पाडायचा आणि गरिबासारखी चाल द्यायची. लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे सगळ्यांची पाच आणि चालीची रक्कम ठरलेली अशा पोकरमध्ये, ही सवय महागात पडते. माझी सुटली ती चिंचोके मोजून.

आम्ही सांगलीत खेळतो ते चिंचोक्यांवरच. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आता २०२५ चा ऑनलाइन खेळांचाही आला. पैशांच्या वाटेला जायचंच नाही. शिवाय चिंचोक्यांनी हिशेब डोळ्यांसमोर राहतो. चाली सुरू होण्याआधी दोघांनी टाकायचेच ते ब्लाइंड: स्मॉल ब्लाइंड एक, बिग ब्लाइंड दोन. फ्लॉपच्या (मधली पहिली तीन पानं) आधी आणि फ्लॉपला चाल दोनची, वाढही दोनचीच; टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं) चारची. एका फेरीत एक चाल आणि वर तीन वाढी, बस. म्हणजे फ्लॉपच्या आधी कुणाचे आठपेक्षा जास्त चिंचोके जात नाहीत. सगळा ढीग पुढे लोटून समोरच्याला पळवायची सोय इथे नाही.

त्यामुळे डावावर पहिली तक्रार हीच येते: “वाढवलं तरी कोण उठत नाही, मग वाढवायचं कशाला?”

उठत नाहीत म्हणूनच वाढवायचं. हातात दोन एक्के आहेत आणि समोर चौघे कसलीही पानं घेऊन बसलेत असं धरा. शेवटपर्यंत सगळे राहिले तर १०० पैकी साधारण ५५ डाव एक्क्यांचे. पाच जणांनी आणखी दोन-दोन टाकले की पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, दहा पडतात. त्यात माझे दोन आणि सरासरीने माझ्याकडे परत येणारे साडेपाच. नुसता कॉल करून, म्हणजे समोरच्याएवढेच टाकून, गप्प बसलो की हा फायदा सोडला. एवढा हिशेब पटल्यावर मी एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीवर कुठल्याही जागेवरून, कुणी आधी वाढवलं असलं तरी, पुन्हा वाढवतो. आठपर्यंत न्यायला मिळालं तर नेतो.

पण याची एक किंमत आहे, आणि खरा खेळ तिथेच आहे. सगळे चार-चार टाकून आत आले की पॉट वीसचा होतो. फ्लॉपला मी दोनची चाल दिली की बावीस. आता सिक्वेन्सला मधलं एकच पान हवं असलेल्या गड्याला दोन टाकून बावीस मिळणार, म्हणजे अकराला एक. न दिसलेल्या ४७ पानांत त्याची चार. पुढचंच पान लागण्याचा भाव ४३ विरुद्ध ४, म्हणजे पावणेअकराला एक. त्याचा कॉल बरोबर ठरतो! वाढवलंच नसतं तर पॉट दहाचा, माझ्या चालीनंतर बारा, भाव सहाला एक, आणि त्याचा कॉल चुकीचा.

यावर उपाय फ्लॉपच्या आधी नाही, नंतर आहे. बहुतेक वेळा शेवटी बसलेला चाल करतो हे माहीत असेल तर मी आधी चेक करतो, म्हणजे काही न टाकता पाळी पुढे देतो. त्याचे दोन पडले की मी चार करतो. मधल्यांना आता सव्वीसच्या पॉटसाठी एकदम चार टाकायचे, साडेसहाला एक. तो सिक्वेन्सवाला इथे पॅक करतो, निदान करायला हवा. चाल करणारा माझ्या लगेच डावीकडे असेल तर मात्र ही युक्ती फसते: मधले दोन टाकून आधीच अडकलेले असतात, वरचे दोनही देतात. तिथे मी सरळ स्वतःच चाल करतो. त्याने वाढवलं की मधल्यांवर दुहेरी ओझं आपोआप येतं. आणि मी चेक केल्यावर शेवटच्यानेही चेक केलं तर सगळ्यांना फुकट पान मिळतं, हा धोका आहेच.

फ्लॉपला दोन-दोन टाकून पाचही जण राहिले तरी टर्नला चाल दुप्पट होते. पॉट तीस, माझे चार, म्हणजे चौतीसला चार: साडेआठला एक. सिक्वेन्सवाल्याला, आता न दिसलेली पानं ४६, हवा साडेदहाला एक. कलरची नऊ पानं शोधणारा मात्र इथेही योग्यच कॉल करतो, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

बाकीच्या हातांचं थोडक्यात. राजांच्या जोडीवर फ्लॉपला एक्का १०० पैकी २२-२३ वेळा पडतो. तो पडला आणि चौघांत चाल आणि वाढ दोन्ही झाली की मी राजे पॅक करतो, कारण पुढेही चाली पडल्या तर शेवटपर्यंत बघायला बारा चिंचोके तरी लागतात. गुलामांवर वरचं पान ५७ वेळा. एक्का-राजा वाढवायचाच, पण तीनपैकी दोन वेळा फ्लॉपला त्याची जोडी लागत नाही. एकट्या गड्यासमोर एक चाल करून बघावी, चौघांसमोर नाही.

आणि भडंग खाऊन पत्त्यांना हात लावू देऊ नका. इस्पिकच्या एक्क्याच्या पाठीला तेलाचा डाग पडला की वरचं सगळं गणित फुकट.