मावशींचा रविवार

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये उपदेश बायबलच्या दहा आज्ञांमधल्या चौथ्या आज्ञेवर झाला. शब्बाथ दिवस, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा वार, आपल्याकडे रविवार, पवित्रपणे पाळ. लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेली आज्ञा, त्यामुळे पहिला शब्द कानावर पडला की पुढचं डोक्यात आपोआप चालू होतं आणि लक्ष घरच्या मटणाकडे जातं. पण आज पाळकसाहेबांनी निर्गम पुस्तकाचा अध्याय 20 वाचून झाल्यावर अनुवाद पुस्तकाचा अध्याय 5 पण काढायला लावला आणि म्हणाले दोन्हीकडे आज्ञा एकच आहे, कारण बघा. निर्गमात कारण असं की देवाने सहा दिवसांत सगळं निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात निर्मितीचं नावच नाही, तिथे सरळ आहे की तू मिसर देशात (इजिप्तमध्ये) दास होतास हे लक्षात ठेव, आणि तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळू दे.

इतक्या वर्षांत हे दोन्ही शंभरदा वाचलंय पण शेजारी शेजारी ठेवून कधी वाचलं नव्हतं. आपल्याकडे शब्बाथ म्हणजे काय तर तू काय करायचं नाही याची यादी, सिनेमा नाही, बाजार नाही, माझ्या आजोबांच्या वेळी तर रविवारी सुई-दोरा सुद्धा हातात घ्यायचा नाही. आणि अनुवाद म्हणतंय की मुद्दा हा आहे की तुझ्यामुळे कोण राबतंय. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरं, गावात राहणारा परका, सगळ्यांची नावं घेतलीत.

बायकोचं नाव घेतलेलं नाही. हे आमच्या स्त्री मंडळीतल्या एका काकूंनी बाहेर पडल्या पडल्या पकडलं, म्हणे बैलाला सुट्टी, गाढवाला सुट्टी, आपल्याला नाही, चला घरी जाऊन पोळ्या लाटू. सगळ्या हसलो. पंडित लोक म्हणतात की 'तू' मध्ये बायको धरलेली आहे. असेल. पण रविवारी उपासनेनंतर जे जेवण होतं ते कोण करतं हे बघितलं तर काकूंचं म्हणणं जास्त खरं वाटतं.

घरी आलो तर आमच्या कामाच्या मावशी भांडी घासत होत्या. रविवारी त्या उशिरा येतात, एकच्या पुढे.

सोमवार

बैलावरून आठवलं. आजोबांकडे नगर जिल्ह्यात थोडी जमीन होती, बैलजोडी होती, आणि रविवारी आऊत जुंपायचं नाही म्हणजे नाही. गावातले लोक पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करायचे, पोळ्याला बैल कामाला लावायचे नाहीत, आणि आजोबांना चिडवायचे की तुमच्या बैलांना दर आठवड्याला पोळा. आजोबांना ते चिडवणं आवडायचं असं आई सांगते. पण शेतावरच्या गड्याला रविवारी पूर्ण सुट्टी होती का, हे विचारल्यावर आई म्हणाली, अगं गुरांचं वैरणपाणी कोण करणार मग. म्हणजे बैल बसून आणि गडी उभाच.

रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवारची सुट्टी कायद्यात आणली त्यातही हेच होतं. कोर्ट बंद, शहरातले कारागीर बंद, आणि शेतीला मात्र मुभा. पेरणीचा दिवस हुकतो हे कारण बरोबर आहे, नाही म्हणत नाही, पण ज्याच्या कामाशिवाय चालत नाही त्यालाच सुट्टी नाही हे तेव्हापासून चालत आलंय.

मंगळवार

सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघालाय. कामवाल्या बायकांच्या सुट्ट्या फार होतात म्हणून सगळ्या फ्लॅटना मिळून एकच नियम करायचा, महिन्यात दोन सुट्ट्या, त्याच्यावर झाला खाडा की पैसे कट. आणि खाली जोर देऊन लिहिलंय की कुणीही परस्पर जास्त सुट्टी देऊ नये, एकाने दिली की बाकीच्यांच्या बायका पण मागतात.

आमच्या फ्रिजच्या बाजूला पण कॅलेंडर आहे आणि दुधाच्या खाड्याशेजारी मावशींचा खाडा लिहायची पद्धत सासूबाईंच्या वेळपासूनची आहे. या शब्दाने पूर्वी काही वाटायचं नाही. मग 2019 ला पेपरात यायला लागलं की बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढलेली आहेत, कितीतरी जणींची, अगदी तरुण वयात, आणि त्याचं एक कारण हे की पाळीत एक दिवस बसलं तरी मुकादम जोडप्याचा खाडा धरून पैसे कापतो आणि अंगावर आधीच उचल घेतलेली असते. सरकारने समिती पण नेमली होती. मिसरच्या राजाने, फारोने, इस्राएली दासांना विटांसाठी पेंढा द्यायचा बंद केला आणि विटा मात्र रोज तेवढ्याच मागितल्या, वर म्हणाला तुम्ही आळशी आहात म्हणून यज्ञाला जायची सुट्टी मागता. निर्गम 5. ग्रुपवरचे मेसेज वाचताना तो अध्याय आठवत होता. आमच्या इमारतीत कुणी फारो नाहीये, सगळी चांगली माणसं आहेत, लिफ्टमध्ये हसतात, पण भाषा तीच, सवय लागते, डोक्यावर बसतात, वगैरे.

बुधवार

आज मावशींशी बोलले. म्हटलं दर रविवारी येऊ नका, पैसे कापणार नाही. मला वाटलं खूश होतील. त्या म्हणाल्या, ताई बाकीच्या तीन घरांत रविवारीच जास्त काम असतं, सगळे घरी, पाहुणे, मटणाची भांडी. तिकडे यायचंच आहे तर तुमच्याकडे पण येते की, एका घरची सुट्टी घेऊन मी काय जिन्यात बसू?

यावर मला काही बोलता आलं नाही.

दुपारभर डोक्यात तेच. एका घराने सुट्टी दिली तर ती सुट्टी होतच नाही, अर्धा तास वाचतो फक्त. आणि मग लक्षात आलं की शास्त्रात ही आज्ञा कुठेच एकट्या भक्ताला खासगीत दिलेली नाहीये, ती अख्ख्या लोकांना एकदम आहे, एकाच दिवशी सगळ्यांनी हात थांबवायचे. बायबलच्या आमोस पुस्तकातले व्यापारी वाट बघत असतात की शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही गहू कधी विकायला काढतो, माप लहान करून. यहूदी सुभेदार नहेम्याने तर यरुशलेमेचे दरवाजेच बंद करून घेतले, कारण सोर शहरातले लोक शब्बाथ दिवशी मासे आणून विकत होते आणि एकाने दुकान उघडलं की शेजाऱ्याला उघडावंच लागतं. तो धर्माचा कडकपणा म्हणून आम्हाला शिकवला गेला. मला आज तो कामगार कायद्यासारखा वाटला.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोकांना शनिवार तेली म्हणायचे, घाणा शनिवारी बंद म्हणून. पूर्ण जमातीचा घाणा बंद, म्हणून ते टिकलं. एकट्या तेल्याने बंद ठेवला असता तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं असतं.

रात्री

झोप येत नाहीये म्हणून अजून थोडं. नारायण मेघाजी लोखंडे. आपण सगळे ज्यांच्यामुळे रविवारी लोळतो ते. ठाण्याचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' चालवायचे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हतीच, मशीन साफ करायला सुद्धा यायला लागायचं. 1884 पासून लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो सह्या गोळा केल्या, आणि शेवटी 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. असं सांगतात की त्यांनी मालकांपुढे खंडोबाचं कारण ठेवलं, रविवार खंडोबाचा वार, कामगाराला देवाला जायला दिवस हवा. फारोपुढे इस्राएलींच्या पुढाऱ्याने, मोशेने सुद्धा आधी हेच म्हटलं होतं, आम्हाला रानात आमच्या देवाचा सण करायला जाऊ दे. मला हे फार आवडतं. आमच्या मंडळीत कुणाला सांगितलं तर म्हणतील खंडोबा आणि चौथी आज्ञा एकत्र कुठे करतेस. पण गिरणीतल्या माणसाला जो दिवस मिळाला तो अनुवाद 5 मधलाच होता आणि तो मिळवून दिला एका सत्यशोधकाने, मिशनरींनी नाही. याचं आपल्याला थोडं तरी वाटायला पाहिजे.

आणि गिरणीला मिळालेला तो रविवार घरकामाला कधी पोचलाच नाही. 1980 मध्ये याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. 2008 ला राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 2011 ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार मंजूर केला की घरकामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी हवी, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, आणि घरी आल्यावर त्याला मान्यता दिली नाही.

शुक्रवार

नणंद नर्स आहे, तिची या रविवारी मॉर्निंग आहे. फोनवर तिला सगळं सांगितलं तर म्हणाली मग मी पापी का गं. तिला बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा अध्याय 13 वाचून दाखवला. अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई, येशूने तिला शब्बाथ दिवशी सभास्थानात सरळ उभं केलं, आणि सभास्थानाचा अधिकारी लोकांवर चिडून म्हणतो की कामाचे सहा दिवस आहेत ना, त्या दिवशी येऊन बरे व्हा. येशू म्हणतो, तुम्ही आज बैल सोडून पाण्यावर नेता की नाही? मग हिला सोडायला काय झालं. नणंद म्हणाली वॉर्डात बारा तास उभं राहून माझीच कंबर वाकलीय, माझ्याकडे कोण बघणार. तिला आठवड्याची सुट्टी आहे पण स्टाफ कमी म्हणून दर वेळी फोन येतो, येशील का. तर तिचा प्रश्न रविवारी काम करावं की नाही हा नाहीये, तिला कुठलाच वार तिचा म्हणून मिळत नाही हा आहे. माझ्या नवऱ्याचं पण तेच, लॅपटॉप उपासनेला येत नाही एवढंच.

शनिवार

ग्रुपवर लिहिलं शेवटी. सोसायटीला नियम एकच करायचाय ना, तर असा करू, आठवड्यातून एक दिवस पूर्ण इमारतीत कुणाकडेच बाई येणार नाही, एकाच दिवशी सगळ्यांकडे सुट्टी, पगार कापायचा नाही. एकी करायची तर तिकडे पण करू. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी नमस्काराचे हात पाठवले. मग एकीने विचारलं पाहुणे आले तर? मग एक हुशार माणूस म्हणाला सुट्टी गुरुवारी ठेवा, महापालिका गुरुवारीच पाणी बंद करते, तसंही धुणंभांडी होत नाहीत. यावर बऱ्याच जणांचे अंगठे आले.

मावशींना सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, पाणी आमच्याकडे पण नसतं त्या दिवशी, सुट्टी घेऊन घरी काय करू. त्यांना रविवारच हवाय, पोरगी घरी असते. त्यांच्या सोबतच्या एकीला मात्र सोमवार हवाय, तिच्या गावचा बाजार सोमवारी असतो. तिसरी म्हणाली कुठला का असेना, लेखी द्या. त्या तिघीचौघी उद्या पार्किंगमध्ये बसून ठरवणार आहेत. तोपर्यंत विषय पुढे ढकला असा मेसेज सेक्रेटरींना केलाय. त्यांनी अंगठा पाठवलाय, तो हो म्हणून आहे की वाचलं म्हणून, ते सोमवारी लिफ्टमध्ये भेटतील तेव्हा कळेल.