त्या सापालाच विचारा

समुपदेशनासाठी येणारी माणसं सहसा तक्रार घेऊन येतात. त्या बाई मात्र आनंदाची बातमी सांगावी तशा म्हणाल्या, "मॅडम, माझी कुंडलिनी जागृत झालीय." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय साठीच्या आसपास. रोज पहाटे दीड तास ध्यान. डोळे मिटले की थोड्या वेळानं एक साप दिसायचा. काळा, जाडजूड, वेटोळं घालून बसलेला. ध्यानाच्या वर्गातल्या मंडळींनी सांगितलं होतं, भाग्यवान आहात, असा अनुभव सगळ्यांना येत नाही. मग माझ्याकडे येण्याचं कारण? तर झोप लागत नाही, छातीवर दडपण येतं. आणि निघताना पर्सची चेन ओढत त्या म्हणाल्या, "धाकट्या बहिणीचा फोन आला की हात थरथरतात. मी उचलतच नाही." आमच्या कामात खरी गोष्ट बरेचदा अशी उठता उठता कळते.

मी साप बाजूला ठेवला आणि आधी झोपेची चौकशी केली. झोप न होताही माणूस थकत नसेल, उलट अंगात उत्साह मावत नसेल, विचार सुसाट पळत असतील, तर ते प्रकरण वेगळं. तिथे ध्यान थांबवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. साप उघड्या डोळ्यांनी दिसतो का, काही हुकूम देतो का, हेही विचारलं. तसलं काही नव्हतं. बाई नुसत्या दमलेल्या होत्या. छातीचं दडपण मनाचंच असेल असं धरून चालणं मला पटत नाही, म्हणून हृदयाची तपासणी करून घ्यायला लावली. ती ठीक निघाली.

मग दीड तासाचं ध्यान दहा मिनिटांवर आणलं. डोळे अर्धे उघडे, पाय जमिनीवर टेकलेले, दडपण वाढलं तर खोलीतल्या चार वस्तूंची नावं मनात घ्यायची. हे त्यांना मुळीच आवडलं नाही. "म्हणजे मी मागे चालले," म्हणाल्या. ध्यानाला बसलं की मन शांत होतं, असा सरसकट समज आहे. प्रत्यक्षात बाहेरचा गलका थांबला की दाबून ठेवलेलं वर यायला जागा मिळते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा (माइंडफुलनेसचा) कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी. तिथेही दुखणं विसरायला शिकवत नाहीत, त्याच्याकडे बघायला शिकवतात. बघणं सोसेल इतपतच बघायचं, ही पुढची अट.

आता साप. हठयोगात कुंडलिनी ही शक्ती मूलाधारापाशी, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी, सापासारखी साडेतीन वेटोळी घालून निजलेली असते, त्यामुळे वर्गातल्यांनी लावलेला अर्थ अगदीच हवेतला नव्हता. पण साप शंकराच्या गळ्यात आहे, शेष होऊन विष्णूच्या खाली आहे. मुचलिंद नाग वादळपावसात बुद्धावर फणा धरतो. ग्रीकांच्या वैद्यदेवतेच्या काठीला वेढा घालून बसतो तो साप, आणि एदेनच्या बागेत हव्वेला भुलवतो तोही सापच. यातला नेमका कुठला साप या बाईंच्या ध्यानात येत होता, हे मी कुठल्या आधारावर ठरवणार? प्रतीकांचे तयार अर्थ वाटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते माणसाचा प्रश्न त्याच्या हातून काढून घेतात, आणि वर त्याला उपकार झाल्यासारखं वाटतं.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांची एक रीत मला उपयोगी पडते. ध्यानात, कल्पनेत जे चित्र येईल त्याचा अर्थ लावत बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं. युंग स्वतः १९१८-१९ च्या काळात रोज सकाळी वहीत वर्तुळाकार आकृत्या काढत आणि त्यांवरून आपल्या मनाची त्या त्या दिवसाची अवस्था ताडत. मी बाईंपुढे कागद ठेवला आणि साप काढायला सांगितलं. "मला चित्र येत नाही," म्हणत त्यांनी बॉलपेन उचललं आणि वेटोळ्यावर वेटोळं गिरवत गेल्या. हात इतका दाबून चालला होता की एका बाजूला कागद फाटला. मधली जागा मात्र त्यांनी कोरी ठेवली.

"मध्ये काय आहे?"

"काही नाही."

"मग तो कशाभोवती बसलाय?"

बराच वेळ गेला. "पेटीभोवती," त्या म्हणाल्या. "आईच्या."

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा सगळं यांनीच केलेलं. धाकटी लांब राहायची, सवडीनं यायची. आई गेली, दागिन्यांची पेटी यांच्याकडे राहिली. धाकटीनं एकदा विचारलं, त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणं तुटलं. इथवरची कहाणी तशी घरोघरचीच.

मी म्हटलं, "त्या सापालाच विचारा, तो काय म्हणतो."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या श्वासाकडे आणि पायांकडे लक्ष ठेवून होते. ओठ हलले, थांबले. मग त्या एकदम हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "तो म्हणतोय, मी कंटाळलो. मला उठू दे."

पुढचं वाक्य मला अनपेक्षित होतं. "आईनं मला सांगितलं होतं, अर्धं धाकटीला दे म्हणून. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी कुणाला बोलले नाही."

मी काहीच म्हटलं नाही. त्यांनाही माझ्याकडून निवाडा नको होता. ही गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली होती, तेवढंच त्या दिवसापुरतं पुष्कळ होतं.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही सापावर फार कमी बोललो. बोललो ते आईच्या आजारपणावर. केलेल्या सेवेची कुणी दखल घेतली नाही, हे त्यांना सगळ्यांत जास्त सलत होतं. दागिने हातात असेपर्यंत त्या सेवेचा पुरावा हातात असल्यासारखं त्यांना वाटे. हे त्यांचं त्यांनाच उमगलं, बोलण्याच्या भरात, नाक पुसता पुसता. बहिणीला पत्र लिहायचं की फोन करायचा यावर बराच खल झाला. शेवटी पत्र गेलं. त्यात दागिन्यांबद्दल चार ओळी होत्या आणि आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल दोन पानं.

बहिणी गळ्यात गळे घालून रडल्या, असं मात्र काही झालं नाही. धाकटीला आनंद झाला त्याहून राग जास्त आला. इतकी वर्षं लपवलंस, म्हणाली. वाटणी झाली, बोलणं अजून कामापुरतंच आहे. पण बाई फोन उचलतात आणि रात्री झोपतात. दहा मिनिटांचं ध्यान चालू आहे. अलीकडे भेटल्या तेव्हा त्यांची तक्रार वेगळीच होती. साप येईनासा झालाय, आणि वर्गातल्या लोकांना आता सांगायचं काय?