जोड्यातलं पाणी

आमच्या नानीकडे तात्पर्य नावाचा प्रकारच नव्हता. इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की ती पडवीत पाय पसरून बसायची, सुपारी कातरत गोष्ट सांगायची आणि गोष्ट संपली की म्हणायची, 'चला, निजा आता.'

तिची लाडकी गोष्ट तहानलेल्या कुत्र्याची. ती सहीह बुखारीतली, म्हणजे हदीसच्या, पैगंबरांच्या वचनांच्या एका संग्रहातली, हे मला फार पुढे कळलं. एक वाटसरू तहानेने कासावीस होऊन विहिरीत उतरतो. पाणी पिऊन वर येतो, तर एक कुत्रा धापा टाकत ओली माती चाटतोय. 'याचीही माझ्यासारखीच गत झालीय,' म्हणत तो पुन्हा खाली उतरतो, पायातला चामडी जोडा पाण्याने भरतो, दातांत धरतो आणि वर चढतो. अल्लाहला ते आवडतं, त्याचे गुन्हे माफ होतात.

माफीचं मला फारसं काही वाटायचं नाही. माझं लक्ष त्या दातांवर. जोडा दातांत का?

'मग चढणार कशाने? हात दोन्ही गुंतलेले.'

आमच्या विहिरीलाही चिऱ्यांत खोबणी होत्या. पडलेला पोहरा काढायला मामा त्यांतूनच उतरायचा, त्यामुळे पटायचं. दया म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ओल्या चामड्याची चव जिभेवर यायची.

सकाळी मदरशात चांगल्या सवयींची यादी घोकावी लागे. त्यातलं 'मोठ्यांचं ऐका' तेवढं लक्षात राहिलं, कारण त्याला छडीची जोड होती.

नानीच्या पोतडीत गौसपाकही होते, म्हणजे सूफी संत अब्दुल कादिर जिलानी, त्यांच्या पोरवयातले. आईने अंगरख्यात शिवून दिलेले चाळीस दिनार, वाटेत दरोडेखोर, आणि विचारल्याबरोबर पोराने सगळं सांगून टाकलेलं. आम्ही ओरडायचो, 'कशाला सांगितलं!' नानी नुसती हसायची.

आणि पैगंबरांच्या अंगावर रोज कचरा टाकणारी म्हातारी. एक दिवस कचरा पडत नाही, म्हणून ते तिची विचारपूस करायला जातात. ही गोष्ट हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत सापडत नाही, असं जाणकार सांगतात. ऐकून मला चुटपुट लागली. आता सांगताना मी 'लोक असं सांगतात' एवढं जोडतो. खरेपणा शिकवायला बसलोय, तर तेवढं पाळायला हवं.

परवा लेकीला कुत्र्याची गोष्ट सांगितली. तिने विहीर पाहिलीय ती पंप लावलेली.

'दोरी नव्हती?'

'नव्हती.'

ती बराच वेळ गप्प.

'मग त्याचा तो जोडा ओलाच राहिला? तसाच घालून चालला पुढे?'

नानीला हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

'चालला असेल,' मी म्हटलं. 'चल, नीज आता.'